वेम्ब्लीची गर्दी आणि किंग्जवेचे प्रेक्षक

1954 सालच्या एप्रिल महिन्याच्या दहा तारखेस लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर एक लाख माणसे फुटबॉलचा एक सामना पाहावयास जमली होती. सामना इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा नव्हता, की आर्सेनलसारख्या नावाजलेल्या धंदेवाईक संघाचाही नव्हता. देशाच्या ईशान्य कोपऱ्यात डरहॅम नावाचा कोळशाच्या खाणींचा परगणा आहे. त्यातील बिशप ऑकलंड आणि क्रुक ही दोन गावे एकमेकांपासून पाचेक मैलांवर वसलेली. या दोन शेजाऱ्यांचे हौशी संघ आपले भांडण मिटविण्यास अडीचशे मैलांचा प्रवास करून राजधानीत आले होते. भांडण तेथे मिटले नाही. सामन्याच्या आरंभीच बिशप ऑकलंडच्या जिमी निमिन्सचा पाय मोडला. बदली खेळाडू घेण्याची सोय त्या काळी नव्हती, तेव्हा उरलेले दहाजण अखेरपर्यंत झुंजले आणि दोन-दोन गोलांची बरोबरी झाली. मग न्यूकॅसल येथे दुसरा सामना झाला, तेथे 56,008 प्रेक्षक आले आणि पुन्हा दोन-दोन अशीच बरोबरी. तिसरा सामना मिडल्सब्रो येथे 36,727 लोकांनी पाहिला आणि क्रुकने तो एका गोलाने जिंकला.

तिन्ही आकड्यांची बेरीज पावणेदोन लाखांच्याही पुढे जाते. दोन्ही गावांतील झाडून सारी माणसे, तान्ही मुले व अंथरुणास खिळलेले म्हातारे धरून, वेम्ब्लीत आणून बसविली असती तरी ते मैदान भरले नसते.

याच स्पर्धेचा, म्हणजे हौशी संघांच्या चषकाचा, अखेरचा अंतिम सामना 1974 साली त्याच वेम्ब्लीवर झाला, तेव्हा प्रेक्षक होते 30,500. त्यानंतर ती स्पर्धाच बंद झाली. एके काळी हजारोंनी वेढलेल्या या परगण्यातील लहान मैदानांवर पुढे काही शे माणसे उरली. ज्या वीस वर्षांत हे घडले, त्यांविषयी इंग्लंडात एक निकाल फार सहजपणे दिला जातो. तो असा की, लोकांची निष्ठा आटली. दूरचित्रवाणी आणि मोटारगाडी यांच्या मोहाने माणसे आपल्या गावच्या संघास विसरली. आम्ही व्यवसायाने वकील असल्यामुळे आरोप कानावर आला की पुरावा मागण्याची खोड आम्हांस जडली आहे. बिशप ऑकलंडच्या क्लबपुरता हा आरोप तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम आरोपीची ओळख. बिशप ऑकलंड हे वेअर नदीकाठचे बाजाराचे गाव. डरहॅमच्या बिशपांचा वाडा शतकानुशतके येथे आहे. गावाच्या नावात ‘बिशप’ आला तो त्यामुळेच. एकोणिसाव्या शतकात बिशप लाइटफुट यांनी ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील तरुण पदवीधरांस धर्मशिक्षणासाठी या वाड्यात ठेवून घेतले होते. या तरुणांनी गावात फुटबॉलचे वेड आणले आणि 1886 च्या सुमारास क्लब उभा राहिला. ऑक्सफर्डचा गडद निळा आणि केंब्रिजचा फिका निळा असे दोन्ही रंग खेळाडूंच्या अंगरख्यावर आले. पाद्री होऊ घातलेल्यांनी लावलेले हे रोपटे पुढे खाणकामगारांच्या मुलुखात वाढले, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. 1889 साली नॉर्दर्न लीग स्थापन झाली. फुटबॉल लीग वगळता जगात आज चालू असलेली सर्वांत जुनी लीग हीच. तिचे अजिंक्यपद बिशप ऑकलंडने एकोणीस वेळा मिळविले आणि हौशी चषक दहा वेळा; शिवाय आठ वेळा तो संघ अंतिम सामन्यात हरला. त्या चषकाच्या सबंध इतिहासात दुसऱ्या कोणासही हा पल्ला गाठता आला नाही.

आपल्याकडील वाचकांसाठी येथे थोडा खुलासा करावा लागेल. फुटबॉल लीग 1888 ची. 1950 पासून तिच्यात 92 संघ होते आणि आजही वरच्या चार विभागांत मिळून तेवढेच आहेत. या 92 खालच्या साऱ्यांस ‘लीगबाहेरचे’ म्हणतात. 1987 पूर्वी या वर्तुळात शिरण्याचा मार्ग केवळ खेळून खुला होत नसे. तळाच्या संघांस ठेवावे की बाहेरच्यास घ्यावे, हे मतदानाने ठरे. जुन्या जिमखान्यांत नव्या सभासदाचा अर्ज जसा निकालात निघे, तसाच काहीसा हा प्रकार. बिशप ऑकलंडला अर्थात या दाराची कडी वाजविण्याची इच्छाच नव्हती. तो हौशी संघ होता, त्याची दुनियाच निराळी होती आणि त्या दुनियेत तो राजा होता.

आता गर्दीकडे वळू. महायुद्ध संपल्यावर इंग्लंडात करमणुकीची भूक विलक्षण होती. 1948-49 च्या हंगामात केवळ फुटबॉल लीगच्या सामन्यांस 4 कोटी 12 लाखांवर प्रेक्षक आले. हा उच्चांक पुन्हा कधी गाठला गेला नाही. 1949 साली हौशी चषकाचा अंतिम सामना पहिल्यांदाच वेम्ब्लीवर नेला आणि नव्वद हजारांच्या वर लोक आले. 1950 मध्ये बिशप ऑकलंड आपल्या शेजारच्या विलिंग्टनकडून चार गोलांनी हरला. 1951 मध्ये त्याची गाठ पेगॅससशी पडली. पेगॅसस हा ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचा संघ, म्हणजे ज्या विद्यापीठांचे रंग अंगावर घेऊन बिशप ऑकलंड वाढला त्यांच्याच मुलांनी त्यास एक लाख लोकांसमोर दोन-एक असे हरविले. पुढे 1955, 1956 आणि 1957 अशी ओळीने तीन वर्षे बिशप ऑकलंडने चषक जिंकला.

ही एक लाख माणसे कोण होती? येथेच आरोपातील पहिली चूक आहे. वेम्ब्लीची गर्दी ही बिशप ऑकलंडची मालमत्ता कधीच नव्हती. तीत लंडनचे बघे होते, देशभरातील हौशी क्लबांचे सभासद होते, शाळाकॉलेजांची मुले होती आणि वर्षातून एकदा वेम्ब्ली पाहावयाचे म्हणून आलेले उत्सवी लोक होते. वरच्या वर्गाच्या धंदेवाईक सामन्याचे तिकीट ज्यांस मिळत नसे तेही होते. गावाहून आगगाड्या भरभरून माणसे गेली हे खरे; पण ते त्या सागरातील एक ओढा. किंग्जवे या आपल्या घरच्या मैदानावर क्लबचे जे प्रेक्षक असत, ते हजारांच्या भाषेत मोजले जात, लाखांच्या नव्हे. तेव्हा वेम्ब्लीचा 1954 चा आकडा आणि किंग्जवेचा पुढील काळातला आकडा एकाशेजारी एक मांडून ‘पाहा, निष्ठा किती उतरली’ असे म्हणणे हे जत्रेतील माणसे मोजून देवळातील रोजच्या आरतीस अनुपस्थित राहिलेल्यांवर ठपका ठेवण्यासारखे आहे.

ही उतरण सरळही नव्हती. 1959 आणि 1964 साली क्रुक पुन्हा जिंकला, तेव्हा वेम्ब्लीवर सुमारे साठ हजार लोक होते. 1967 साली एनफील्ड आणि स्केल्मर्सडेल यांच्या सामन्यास पंचाहत्तर हजार आले. सवय मोडता मोडता मध्येच पुन्हा उसळी मारते, तसे हे झाले.

आणखी एक समज दूर केला पाहिजे. असे म्हणतात की, तेव्हाचा संघ गावच्याच पोरांचा होता, म्हणून गाव त्याच्या मागे होते. पुढे परके आले आणि माया पातळ झाली. मोठी गोड कल्पना आहे, पण ती टिकत नाही. बिशप ऑकलंडचा विख्यात गोलरक्षक हॅरी शॅरट लँकेशायरचा, वॉरन ब्रॅडली चेशायरकडील हाइडचा, तर डेरेक लुइनही पेनाइन डोंगरांपलीकडचा. शेमस ओकॉनेल हा तर असा अवलिया की हौशी राहूनच त्याने 1954 साली चेल्सीकडून पदार्पणात मँचेस्टर युनायटेडवर तीन गोल केले आणि त्या हंगामात चेल्सी लीगची विजेतीही ठरली. हे सारे बाहेरचे. तरी लोकांनी त्यांस आपले मानले. निष्ठेस जन्माचा दाखला लागत नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते. मग तिला काय लागते?

त्याकडे वळण्यापूर्वी 1958 चा एक प्रसंग सांगावयास हवा. 6 फेब्रुवारी रोजी म्यूनिक येथे विमान कोसळून मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू मृत्युमुखी पडले. उरलेला हंगाम खेळावयाचा कोणाच्या बळावर, असा प्रश्न त्या क्लबपुढे उभा राहिला. त्या वेळी बिशप ऑकलंडने आपले तिघे दिले: बॉब हार्डिस्टी, डेरेक लुइन आणि वॉरन ब्रॅडली. हार्डिस्टी तेव्हा सदतीस वर्षांचा होता. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो ब्रिटनकडून खेळला होता आणि त्या संघाचे मार्गदर्शक होते युनायटेडचेच मॅट बझ्बी. (त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या भारतीय संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले होते आणि फ्रान्सकडून दोन-एक असे हरले होते, हे अनेकांस आठवत असेल.) ब्रॅडली पेशाने शिक्षक. तो युनायटेडच्या पहिल्या संघात स्थिरावला आणि 1959 साली इंग्लंडकडून तीन सामने खेळला. गावच्या क्लबने शोकाकुल शहरास माणसे उसनी द्यावीत, ही घटना त्या काळात शक्य होती, कारण हौशी आणि धंदेवाईक ही दोन जगे निराळी असली तरी त्यांतील खेळाचे अंतर आजच्याइतके अफाट नव्हते. या उपकाराची जाण युनायटेडने ठेवली. 1996 साली बिशप ऑकलंड पैशाच्या अडचणीत सापडला तेव्हा तो क्लब मदतीस आला.

आता मूळ प्रश्न. निष्ठेला जागा लागते, वेळ लागतो आणि वाट लागते. या तिन्ही गोष्टी डरहॅमच्या माणसांपासून एकामागून एक काढून घेतल्या गेल्या, आणि त्या काढून घेणाऱ्यांत प्रेक्षक नव्हते.

1947 साली कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. पश्चिम डरहॅममधील खाणी जुन्या, कोळसा संपत आलेला. 1951 साली परगण्याच्या कौन्सिलाने विकासाचा आराखडा केला आणि गावांचे चार वर्ग पाडले. त्यांतील ‘ड’ वर्गात 114 गावे घातली. या गावांत नवे बांधकाम करू द्यावयाचे नाही, पाण्यानळांवर की रस्त्यांवर नवा पैसा खर्चावयाचा नाही आणि घरे रिकामी होतील तशी पाडावयाची, असे धोरण ठरले. गावास मरणाची शिक्षा फर्मावून तिची अंमलबजावणी मात्र काळाकडे सोपविण्याचा हा प्रकार होता. बिशप ऑकलंडच्या उशापायथ्याशी असलेले विटन पार्क हे गाव या यादीतले. आम्ही अनेक नगरविकास आराखडे वाचले आहेत, पण जिवंत गावाच्या नावापुढे इतक्या शांतपणे एक अक्षर लिहून त्याचा शेवट योजल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. लोकांनी झगडून हे धोरण अखेर 1977 साली मोडीत काढावयास लावले. तोवर कित्येक आळ्या जमीनदोस्त झाल्या होत्या आणि तेथील कुटुंबे न्यूटन एक्लिफसारख्या नव्या वसाहतींत अथवा दक्षिणेकडील कारखान्यांच्या शहरांत पांगली होती.

शनिवारी दुपारी किंग्जवेवर उभा राहणारा माणूस एकटा येत नसे. खाणीत एकाच पाळीस उतरणारे चौघे, एका आळीतले बाप-लेक, एका चॅपेलमध्ये जाणारे शेजारी असे ते मिळून येत. कोण आला नाही याची चौकशी होत असे. आळी पांगली म्हणजे ही चौकशी करणारे कोणी उरत नाही. तो माणूस संघास विसरला असे नव्हे. आता ज्या गावी तो राहतो तेथे किंग्जवे नाही, एवढेच.

वाटेचेही तसेच झाले. रेल्वेची लहान फाटे बंद करण्याचा बीचिंग यांचा अहवाल 1963 साली आला. बिशप ऑकलंडहून डरहॅमकडे जाणारी प्रवासी गाडी 1964 मध्ये थांबली आणि क्रुककडील 1965 मध्ये. 1954 साली लंडनला जाताना क्रुकचे लोक ज्या स्थानकावर गाडीत बसले, ते स्थानकच दहा-अकरा वर्षांत बंद झाले. ज्यांच्याजवळ मोटार आली त्यांस मात्र पाच मैलांवरील किंग्जवे आणि तीस मैलांवरील न्यूकॅसलचे मैदान यांत पूर्वीइतके अंतर वाटेनासे झाले. दूरचित्रवाणीचा दोष आहेच. 1953 च्या राज्यारोहणाने घरोघर संच आले आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये बी.बी.सी.ने मोठ्या सामन्यांची चित्रे शनिवारी रात्री नियमाने दाखविण्यास आरंभ केला. परंतु फटका केवळ लहानांस बसला असता, तर ‘लोक मोठ्याकडे गेले’ हे म्हणणे पुरते खरे ठरले असते. फुटबॉल लीगचे 4 कोटी 12 लाख प्रेक्षक 1985-86 च्या हंगामात 1 कोटी 65 लाखांवर आले होते. मोठ्यांची मैदानेही ओसच पडत होती. म्हणजे एकाच्या अंगणातील माणसे उठून दुसऱ्याच्या अंगणात बसली असा हा हिशेब नाही. बरीचशी माणसे अंगणातूनच उठली.

यावर आपल्या वाचकांस गंधर्व नाटक मंडळीची आठवण झाली तर नवल नाही. 1932 साली मराठी बोलपट आला आणि तीनच वर्षांत बालगंधर्व स्वतः ‘धर्मात्मा’ या बोलपटासाठी प्रभातच्या दारी गेले. इंदूर-बडोद्यापासून हुबळी-बेळगावपर्यंत रात्र रात्र जागणारे श्रोते कोठे गेले, असे तेव्हाही विचारले गेले. पण नारायणरावांचे पद गुणगुणणारा म्हातारा आमच्या लहानपणीही घरोघर होता. थिएटराची रात्र गेली होती, तिकिटाचा भाव आणि मंडळीचे कर्ज यांचा मेळ बसेना. श्रोत्याचा कान मात्र होता तेथेच होता.

राहिला कायद्याचा भाग, आणि आमच्या मते सर्वांत कमी चर्चा झालेला तोच आहे. हौशी फुटबॉल हे एका असत्यावर उभे होते. नियम असा की, खेळाडूने खर्चापलीकडे एक पेनीही घेऊ नये. व्यवहार असा की, सामना संपून खेळाडू कपडे बदलण्यास येई तेव्हा त्याच्या बुटात काही नाणी सापडत. ती तेथे कशी आली हे कोणी विचारीत नसे. 1927-28 च्या हंगामात क्रुक क्लबची अशी चौकशी झाली, एकाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडे बोट दाखविले आणि डरहॅममधील शेकडो खेळाडूंवर निलंबनाची पाळी आली. सारा परगणाच आरोपीच्या पिंजऱ्यात! तरीही नियम राहिला आणि बुटातील नाणीही राहिली. पुढे 1961 साली धंदेवाईकांच्या वेतनावरील कमाल मर्यादा उठली, त्यांचा पैसा राजरोस वाढला, आणि हौशांचे चोरटे अर्धे-पाऊण पौंड अधिकच केविलवाणे दिसू लागले. अखेर 1974 साली फुटबॉल असोसिएशनने हौशी आणि धंदेवाईक हा भेदच मिटविला. यापुढे सारे केवळ ‘खेळाडू’.

वकील म्हणून या निर्णयास आम्ही नावे ठेवू शकत नाही. जो कायदा सर्वांस खोटे बोलावयास लावतो तो पुसलेलाच बरा. पण असत्याच्या पायावरही कधी कधी राहती घरे उभी असतात. हौशी हा वर्ग गेला तेव्हा त्याचा चषक गेला, चषकाबरोबर वेम्ब्ली गेली, आणि ज्या उतरंडीत बिशप ऑकलंड शिखरावर होता ती उतरंडच उरली नाही. आता एकच लांब शिडी होती आणि तिच्या खालच्या पायऱ्यांवर कोठेतरी तो उभा होता. 1979 मध्ये लीगबाहेरच्या संघांची देशव्यापी लीग निघाली, तेव्हा नॉर्दर्न लीग आपल्या जुन्या अभिमानाने त्या शिडीपासून दूर राहिली आणि 1991 पर्यंत दूरच राहिली. बिशप ऑकलंडने वाट न पाहता 1988 साली तिला सोडून वरची पायरी गाठली व 2006 मध्ये पुन्हा तो तिच्याकडेच परतला. अभिमानाने दूर राहण्याची किंमत साऱ्या मुलुखाने मोजली, असे आमचे मत आहे. त्या लीगवर प्रेम करणारे ते मान्य करणार नाहीत.

या साऱ्या निर्णयांत प्रेक्षकास कोणी काही विचारले का? विचारण्याचे कारणच नव्हते. 1845 च्या वुड विरुद्ध लेडबिटर या खटल्यात डॉन्कास्टरच्या शर्यतींचे तिकीट काढून आत गेलेल्या गृहस्थास बाहेर घालविण्यात आले, आणि न्यायालयाने म्हटले की तिकीट म्हणजे केवळ परवानगी. ती केव्हाही काढून घेता येते. पुढील निवाड्यांनी या कठोरपणास मुरड घातली, पण मूळ गोष्ट बदलली नाही. चाळीस वर्षे एकाच कठड्यास टेकून उभ्या राहिलेल्या माणसाचा त्या कठड्यावर वहिवाटीचा हक्क उत्पन्न होत नाही. शेतातील पायवाटेवर तो होतो. निष्ठेवर होत नाही. ज्याचा कागदोपत्री काडीचाही हक्क नाही, त्याच्यावर पुढे निष्ठाभंगाचा आरोप मात्र होतो.

आपल्या गोव्यात हा विषय परका नाही. येथेही फुटबॉल आणि खाण यांचे नाते जुने आहे. डेंपो आणि साळगावकर ही दोन्ही नावे खनिजाच्या व्यवसायातून मैदानावर आली. डेंपोने राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा आणि साळगावकरने दोन वेळा मिळविले. 2012 साली गोव्यातील खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मधल्या 2016 साली डेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. डेंपोंनी आपला खाणव्यवसाय 2009 मध्येच विकला होता, आणि क्लबांनी दिलेले कारण निराळेच होते: नव्या योजनेत त्यांची लीग दुय्यम ठरणार होती. म्हणजे येथेही, 1974 प्रमाणेच, वरून शिडी बदलली. डेंपो 2024-25 च्या हंगामात परत आला. परंतु मधल्या वर्षांत ‘गोंयकार फुटबॉल विसरलो’ असे जे आपण सहज बोलून गेलो, ते बोलताना किती जणांनी विचार केला की त्याच्यासमोरचा संघच उचलून नेला होता? सुगीनंतर रिकाम्या शेतांत गावागावांचे सामने त्या काळातही होतच होते.

परत बिशप ऑकलंडकडे. शेजारच्या वेस्ट ऑकलंडने 1909 आणि 1911 साली ट्यूरिन येथे लिप्टन यांचा करंडक जिंकला होता, दुसऱ्या वेळी तर युव्हेंटसला सहा-एक असे हरवून. या खाणकामगारांच्या क्लबने प्रवासाच्या कर्जापायी तो करंडक गावातील खानावळवालीकडे गहाण ठेवला. तो 1960 मध्ये सोडवून आणला आणि 1994 मध्ये तो चोरीस गेला. या मुलुखातील क्लबांचा सारा जमाखर्च असाच हातातोंडाशी चालत आला आहे.

किंग्जवेचे मैदान क्रिकेट क्लबबरोबर वाटून घेतलेले होते. फुटबॉलचे प्रेक्षक तीन बाजूंस उभे राहत. चौथी बाजू क्रिकेटच्या हिरवळीस मोकळी. 2001 साली बिशप ऑकलंडने ते मैदान सोडले. नवे मैदान हेरिटेज पार्क 2010 साली तयार झाले. मधली नऊ वर्षे दहा चषकांचा हा धनी शेजाऱ्यांच्या घरी राहिला. त्यांतील बराच काळ तो शिल्डनकडे होता. ज्या शिल्डनशी पिढ्यान्‌पिढ्यांची चुरस, ज्याचा रेल्वे वाघिणींचा कारखाना 1984 मध्ये बंद झाला, त्याच शिल्डनच्या मैदानावर ‘घरचे’ सामने. स्वतःच्या गावात सामना नाही, वरच्या पायरीची आशा नाही, नवे मैदान केव्हा होईल याची खात्री नाही. अशा स्थितीत दर पंधरवड्यास तीन मैल जाऊन, प्रतिस्पर्ध्याच्या दारात पैसे देऊन, दोन निळ्या रंगांमागे उभी राहणारी माणसे होती. ती शेकड्यांत मोजण्याइतकीच होती.

हेरिटेज पार्क उघडले तेव्हा तीच माणसे तेथे आली. क्रिकेट मात्र किंग्जवेवरच राहिले. उन्हाळ्यात तेथे अजून सामने होतात, आणि हद्दीपलीकडील ज्या बाजूस एके काळी गोलाचे खांब होते, तिकडे चेंडू गेला तर चार धावा मिळतात.